पहिले पंधरा

बाळाला धुरी द्यायची तर निखारे हवेत, आणि नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात भर नोव्हेंबरात निखारे कुठून आणायचे, ह्याचं उत्तर नीलांबरीच्या आईकडे पुण्यात बसल्याबसल्या तयार होतं. "अगं, ते लोक बागेत मांस भाजतात ना, त्याचे कोळसे आण. दुकानात पडले असतील कुठेतरी कोपऱ्यात."

पडले होते. नवऱ्याने, अपूर्वने, ते शोधून आणले, गॅसवर जाळी ठेवून फुलवले आणि जुन्या कढईत घालून बाहेरच्या खोलीत आणले. ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाची सालं, सगळं आईने पार्सलने पाठवलं होतं. पार्सल आलं, आई येऊ शकली नाही. कोविडने विमानं बंद केली होती आणि बाळंतपण काही विमानांसाठी थांबत नाही. त्यामुळे सुहासिनीबाई मोबाइलमध्ये, मोबाइल फळीवर, आणि तिथून हुकूम सुटत होते. "जवळ धर तिला. अगं, धूर तिकडे चाललाय. नीलू, धुरी बाळाला द्यायचीय, पडद्यांना नाही!"

तेवढ्यात छतावरचा धुराचा भोंगा किंचाळला. मग जिन्यातला. मग वरच्या खोलीतला. सहा आठवड्यांच्या भार्गवीने त्या तिघांच्या वर सूर लावला. अपूर्व खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालायला लागला आणि त्या वाऱ्याने निखारे आणखी फुलले.

दारावर धडाधड थापा पडल्या. नीलांबरीने उघडलं, तर बाहेर एक सव्वासहा फुटी म्हातारा. थंडीत अर्धी चड्डी, काखेत आग विझवायचं लाल नळकांडं, तोंडात शिट्टी. त्याने ती जिवाच्या आकांताने फुंकली.

"बाहेर! सगळे बाहेर! आधी बाळ!"

भार्गवी रडायची थांबली. डोळे वटारून त्या शिट्टीकडे बघत राहिली. म्हातारा आत डोकावला, कढई पाहिली, नाक ओढून वास घेतला.

"काय शिजवताय?"

"शिजवत नाही," अपूर्व खुर्चीवरून म्हणाला. "बाळाला धूर देतोय."

"मुद्दाम?"

"हो."

म्हाताऱ्याने ह्यावर बराच विचार केला. मग कढई उचलून मागच्या अंगणात नेऊन ठेवली, खिडक्या उघडायला सांगितल्या आणि कोविडचा नियम आठवल्यासारखा मोजून दीड मीटर मागे सरकला.

"नीलू, कोण गं ते? फायर ब्रिगेड?" फळीवरून आवाज आला.

"शेजारचे आहेत, आई."

"चड्डीवर?"

तर अशी कोचची ओळख झाली.

नाव डेल व्हिटकर, पण गल्लीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. पोस्टमनपासून पलीकडच्या आजीबाईंपर्यंत सगळ्यांचे ते कोच. वय शहात्तर. अमेरिकेतून आले ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इथल्या एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून, तीन वर्षांच्या करारावर. तो संघ बुडाला. मग जर्मनीत गेले, तिथून ऑस्ट्रियात, आणि फिरून पुन्हा इथेच. चार संघ, सव्वीस मोसम, एक अजिंक्यपद. कुजबुजले तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल असा आवाज, कारण आयुष्यभर मैदानाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेपर्यंत ओरडत आलेले. त्यांच्याशी बोलणं इंग्रजीतच व्हायचं, पण नीलांबरीच्या डोक्यात ते कसं कोण जाणे मराठीतच उतरायचं. बहुधा ते तिच्या शाळेतल्या पी.टी.च्या सरांसारखे खेकसायचे म्हणून.

दोन घरांच्या मागच्या अंगणांमध्ये कमरेइतकं झुडपांचं कुंपण होतं. त्या हिवाळ्यात घरी एका वेळी एकच पाहुणा येऊ शकायचा, आणि कोचची फुप्फुसं जरा नाजूक, म्हणून ते कुणाकडे जातच नसत. मग कुंपण हाच दिवाणखाना. नीलांबरी बाळाला दुपट्यात गुंडाळून उन्हाच्या तिरिपीत उभी राहायची, ते पलीकडे खुर्ची टाकून बसायचे.

"कसला खेळ आहे गं हा?" सुहासिनीबाईंनी फोनवर विचारलं होतं. "गोल करतात?"

"गोल नसतो ह्यात, आई."

"मग काय असतं?"

"चेंडू हातात घेऊन पुढे घुसायचं. बाकीचे अडवतात. ढकलाढकली."

"मग ह्यात शिकवायचं काय? ती तर सगळ्यांना जन्मतःच येते."

नीलांबरीने हे कुंपणावर सांगितलं तेव्हा कोच इतके हसले की त्यांना खोकला आला. "तुझ्या आईला माझ्या संघात घेतलं असतं," ते म्हणाले.

फेब्रुवारीच्या शेवटी पत्र आलं. तिचा करार पुढे वाढवला जाणार नव्हता. चुकलं कुणाचंच नव्हतं, प्रकल्प संपला होता, भाषा अतिशय सभ्य होती. पण नीलांबरी इथे कुशल कामगाराच्या परवान्यावर होती आणि अपूर्व तिच्या आधाराने. तो आर्किटेक्ट, पण इथे त्याच्या पदव्यांना अजून कुणी विचारत नव्हतं. तो सकाळी एका बेकरीचे पाव मोठ्या पेटीच्या सायकलवरून घरोघर पोचवायचा. तेव्हा हिशेब सरळ होता. एकतीस मेपर्यंत नवी नोकरी, परवान्याचे कागद करून देणाऱ्या कंपनीत. नाहीतर तिघांनी परत. परत जाणं ही काही फाशी नव्हे, पुण्यात घर होतं, माणसं होती. पण सात वर्षं शिकून, झिजून जे काम हाताला आलं होतं, मशीनचं पोट उघडून त्याचं दुखणं शोधायचं काम, ते इथे सायकलच्या अंतरावर होतं आणि तिथे नव्हतं. तिला ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

तिने आईला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती अंगणात लंगोट वाळत घालत होती.

"कधी काढलं?" कुंपणापलीकडून प्रश्न आला.

ती दचकली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तू चिमटे मोजतेयस. मला चारदा काढलंय. काढलेला माणूस काहीतरी मोजत बसतो. पहिल्यांदा फॅक्सने काढलं. दुसऱ्यांदा गाड्या लावायच्या जागेत, माझ्याच गाडीला टेकून. तिसऱ्यांदा मालकाच्या बायकोने फोन केला, मालकाचं धाडस झालं नाही म्हणून. आणि गेल्या एप्रिलमध्ये ईमेल आला. कोविडमुळे मोसम रद्द, तुमचीही आता गरज नाही, शुभेच्छा." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "सत्ताविसावा मोसम. पहिल्या सामन्याचे पहिले पंधरा लिहून तयार होते माझे."

"पहिले पंधरा काय?"

कोच उठून आत गेले आणि एक जाडजूड फाइल घेऊन आले. प्लॅस्टिकच्या पाकिटांत पानं, प्रत्येक सामन्याचं एक. पुढच्या बाजूला एक ते पंधरा आकडे आणि त्यापुढे बारीक अक्षरात खुणा.

"सामना सुरू झाला की डोकं चालत नाही. गर्दी ओरडते, पोटात गोळा येतो. म्हणून पहिल्या पंधरा चाली आदल्या दिवशी, शांतपणे चहा पीत लिहून ठेवायच्या. काय वाटेल ते होवो, आधी त्या खेळायच्या. पंधरा होईपर्यंत माणूस भानावर येतो."

नीलांबरीने लांबूनच पान उलटायची खूण केली. त्यांनी उलटलं. मागे पेन्सिलीने एकच ओळ होती.

"ते हरल्याचं कारण. हरलो की मागे एक ओळ. एकच, आणि दुसऱ्यावर ढकलायचं नाही."

"आणि जिंकलात तर?"

"जिंकल्यावर काय लिहायचं? मागची बाजू कोरी." त्यांनी फाइल मिटली. "हरलो की मी, जिंकलो की पोरं. सव्वीस वर्षं हा एकच नियम."

तिला तो नियम फार आवडला. आपल्या आईच्या तोंडचाच वाटला.

पहिली मुलाखत एप्रिलच्या सुरुवातीला झाली, अर्थात लॅपटॉपवर. आठ दिवसांनी नकार आला, आणि डच माणसं नकार देताना कारण पदराआड ठेवत नाहीत. तुमचा आधीचा चमू उत्तम दिसतो, पण त्यात तुम्ही स्वतः नेमकं काय केलंत ते आम्हाला तासाभरातही कळलं नाही.

"म्हणजे काय!" नीलांबरी कुंपणापाशी फणफणली. भार्गवी तिच्या खांद्यावर झोपली होती, त्यामुळे फणफणही दबक्या आवाजात. "सगळं तर सांगितलं! सगळ्यांनी मिळून कसं केलं, आमचा प्रमुख किती हुशार..."

"आणि तू?"

"मी काय, मी होतेच की त्यात."

"कुठे?"

तिने भार्गवीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. नेमकं घोडं तिथेच पेंड खात होतं. लहानपणापासून एकच शिकवण, आपली टिमकी आपण वाजवू नये. बक्षीस मिळालं तर "बाईंनी छान शिकवलं" म्हणायचं. भाजी चांगली झाली तर "भाजीच ताजी होती." अगदी भार्गवी झाली तेव्हासुद्धा, एकोणीस तास कळा सोसून, नर्सने शाबासकी दिली तर हिच्या तोंडून निघालं होतं, "नाही हो, तुम्हीच सगळं केलंत."

कोच हसले नाहीत. फाइलच्या अगदी मागून त्यांनी एक वेगळा कागद काढला. एका हॉटेलचं नाव छापलेला.

"ते अजिंक्यपद जिंकलो ना, त्या हिवाळ्यात मला अमेरिकेतून बोलावणं आलं. मोठा संघ. ज्यासाठी माणूस जन्मभर चिखल तुडवतो, ते. हॉटेलच्या खोलीत समोर बसवून मालकाने विचारलं, कसं जिंकलात? मी म्हटलं, पोरांनी जिंकून दिलं. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच. तेव्हा तो म्हणाला, मग मी पोरांनाच नोकरी द्यायला हवी." त्यांनी कागद तिच्या दिशेने धरला. पेन्सिलीने लिहिलं होतं, *मी खोलीत गेलोच नाही.*

वाऱ्याने कागद फडफडला.

"मग तुमचा नियम चुकीचा?"

"मैदानावर बरोबर. पण मला वाटलं, तो सगळीकडे चालतो." त्यांनी कागद जागेवर ठेवला. "फुशारकी मारायला मी तुला शिकवू शकत नाही. मलाच आली नाही. पण सामन्याची फिल्म बघायला शिकवू शकतो. उद्या चारला ये."

दुसऱ्या दिवशी चार वाजता कुंपणाला लागून स्टूल, स्टुलावर कोचचा म्हातारा लॅपटॉप, अलीकडे एक खुर्ची, पलीकडे एक. पडद्यावर सतरा वर्षांपूर्वीचा सामना. बावीस माणसं एकमेकांवर आदळली आणि सगळं तीन सेकंदांत संपलं.

"काय दिसलं?"

"ढकलाढकली."

"आईवर गेलीस. पुन्हा बघ. सगळे नको बघू. फक्त चोपन्न नंबर."

पुन्हा लावलं. मग पुन्हा. सातव्या वेळी नीलांबरीला दिसलं, की चोपन्न नंबरचा डावा पाय आधी मागे जातो आणि त्या एका पावलामुळे समोरच्याला वाट मिळते. हे तर तिचंच काम होतं! मशीनसमोर बसून ती हेच करायची.

"मी सोमवारी ह्या पोराला म्हटलं नाही, की तू वाईट आहेस," कोच म्हणाले. "मंगळवारी दुसऱ्याला म्हटलं नाही, की तू थोर आहेस. म्हटलं, हा तुझा पाय. फिल्ममध्ये कौतुक नसतं, टीका नसते. कोण कुठे होतं आणि त्याने काय केलं, एवढंच असतं. आता तुझी दाखव."

"माझी कुठे फिल्म आहे?"

"सांग तोंडाने. एखादा बिघाड. तुला सापडलेला."

"आम्हाला गेल्या सप्टेंबरात..."

"थांब. मागे घे. फिल्ममध्ये कोण दिसतंय?"

नीलांबरीने डोळे मिटले. ते मशीन चिप बनवायच्या सिलिकॉनच्या चकत्या तपासायचं, केसाच्या हजाराव्या भागाइतकी चूक पकडायचं. रोज दुपारी तीननंतर त्याची मोजमापं भरकटायची. सगळे सॉफ्टवेअरला दोष देत होते. कोविडमुळे प्रयोगशाळेत एका वेळी दोघांनाच परवानगी.

"स्टुलावर कुणीतरी बसलंय," ती हळूहळू म्हणाली. "मशीनच्या काचेबाहेर. चार दिवस. पोट एवढं पुढे आलेलं. शेजारी जमिनीवर पाण्याचा पेला ठेवलाय, स्टीलचा, कारण डॉक्टरने सारखं पाणी प्यायला सांगितलंय."

"मग?"

"तीन वाजून पाच मिनिटांनी पेल्यातलं पाणी थरथरतं. अगदी बारीक. ती बघते. दुसऱ्या दिवशी परत तीन-पाचला. मग ती उठते, भिंतीला हात लावते, बाहेर जाते. भिंतीमागे माल उतरवायला एक ट्रक येतो रोज, आणि इंजिन चालूच ठेवतो. ती ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगते. आत येते. मोजमाप सरळ."

"स्टुलावर कोण आहे?"

"मी."

"पेला कुणाचा?"

"माझा. आईने दिलेला."

"आणि हे वरिष्ठांपुढे कुणी मांडलं?"

"आमच्या प्रमुखाने. मी रजेवर गेले होते ना."

कोचनी लॅपटॉपचं झाकण अलगद बंद केलं. नीलांबरीला एकाएकी रडू फुटलं, आणि ते कशाचं, हे तिला धड कळेना. त्या स्टुलावरच्या अवघडलेल्या बाईला तिने आज पहिल्यांदाच बघितलं होतं.

पुढचा महिनाभर तिने वेळ चोरला. भार्गवी झोपली की वीस मिनिटं, अपूर्वने तिला अंघोळ घातली की अर्धा तास. एकेक फिल्म आठवायची, कागदावर उतरवायची, कुंपणावर सांगायची. "अगं, तो फुटबॉलवाला तुला काय शिकवणार?" आईला आता सगळं सांगून झालं होतं. "आणि तो पेला तरी नीट ठेवलायस ना?"

एका बाबतीत मात्र कोच हटून बसले. "टाइमआउट राखून ठेव. सामना थांबवायचा हक्क अर्ध्या सामन्यात तीनदाच मिळतो. एक शेवटपर्यंत ठेवायचा. मी एक उपांत्य सामना हरलो, कारण तिन्ही आधीच उधळले होते. पोरं माझ्याकडे बघत होती आणि मी काहीही करू शकत नव्हतो."

"मुलाखतीत कुठला टाइमआउट?"

"तो तुला कळेल."

मे महिन्याच्या मध्यावर दुसरी मुलाखत ठरली, आणि ऐन वेळी ती अलीकडे आली. उद्याच सकाळी दहाला जमेल का, नाहीतर आमच्या प्रमुख बाई रजेवर जाताहेत. दहाला अपूर्व पावांच्या फेरीवर, आणि त्या आठवड्यात बदली माणूस नव्हता.

"माझी दुसरी लस होऊन तीन आठवडे झाले," कुंपणापलीकडून कोच म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बेताचा होता. "मी घेऊ शकतो तिला. तुझी हरकत नसेल तर."

सहा महिने ते रोज भार्गवीशी बोलत होते, पण दीड मीटरवरून.

"तुम्हाला सवय आहे?" अपूर्वने विचारलं.

"नाही," कोच म्हणाले. "माझी इल्से सात महिन्यांची असताना पहिल्यांदा एकटी उठून बसली. मी तेव्हा ऑस्ट्रियात मोसमाची तयारी करत होतो. तिच्या आईने फॅक्स पाठवला. हॉटेलच्या माणसाने तो नाश्त्याबरोबर आणून दिला." मग म्हणाले, "लग्न सहा मोसम टिकलं. इल्से आता उत्तरेला ग्रोनिंगनला असते. रविवारी फोन करते."

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला ते हात कोपरापर्यंत धुऊन आले. नीलांबरीने मुलाखतीत बोलायच्या पहिल्या पंधरा मुद्द्यांच्या दोन प्रती केल्या होत्या. "एक कोचपाशी असते," असा त्यांचा आग्रह. मागच्या हिरवळीवर सतरंजी अंथरलेली, तिच्यावर भार्गवी, चारी बाजूंना उशा आणि शेजारी मांडी घालायचा निष्फळ प्रयत्न करणारे कोच. काचेचं दार लोटून ती लॅपटॉपपुढे बसली.

पडद्यावर दोघं. एक तरुण इंजिनिअर आणि त्या प्रमुख बाई, पांढऱ्या केसांच्या, मागे पुस्तकांऐवजी सायकल टांगलेली. पहिला प्रश्न, दुसरा, तिसरा. पुढ्यात कागद होता. पाचवा मुद्दा, सहावा. नववा पेल्याचा. "तेव्हा मी स्टुलावर बसले होते," असं ती म्हणाली, आणि आकाश काही कोसळलं नाही.

आणि बाहेर भार्गवीने भोकाड पसरलं.

साधं रडणं नव्हे. भुकेचं, हिचक्या देत चढत जाणारं. नीलांबरीच्या दुधाला लगेच कळलं, सदऱ्याला ओल आली. ती बोलत राहिली. वाक्याचं शेपूट सापडेना. भिंत झाली, ट्रक... ट्रकचं काय? पहिल्या मुलाखतीत असाच आवाज आला होता, तेव्हा तिने ऐकूच न आल्यासारखं केलं होतं आणि पुढची दहा मिनिटं काय बोलली ते तिला आजही आठवत नव्हतं.

तेवढ्यात अंगणातून कर्णकर्कश शिट्टी वाजली. धुरीच्या दिवशी लागू पडलेला उपाय कोचनी करून पाहिला होता. ह्या वेळी भार्गवीने शिट्टीच्या वर आवाज काढला.

"तुमच्याकडे सामना चालू आहे का?" प्रमुख बाईंनी भुवया उंचावून विचारलं.

नीलांबरीने काचेतून पाहिलं. कोच दाराशी उभे होते, काखेत लालबुंद भार्गवी, आणि मोकळ्या हाताचा तळवा आडवा धरून त्याखाली बाळ धरलेल्या हाताची बोटं टेकवलेली. टाइमआउटची ती खूण साऱ्या जगातल्या पंचांना कळते.

"मला सहा मिनिटं हवीत," नीलांबरी म्हणाली. माफी जिभेवर आली होती, ती तिने गिळली. "माझी मुलगी भुकेली आहे. ट्रक भिंतीमागे उभा आहे, मी भिंतीला हात लावलाय. तिथूनच पुढे सांगते."

तिने कॅमेरा बंद केला. जिन्याच्या पायरीवर बसून पाजलं. भार्गवी घुटके घेत एक डोळा उघडून आईकडे बघत राहिली. सहा मिनिटांनी ती परत कोचच्या काखेत, आणि नीलांबरी भिंतीपाशी. "...तर मी बाहेर गेले."

पंधरावा मुद्दा संपला तेव्हा तिला कागदाची आठवणही नव्हती. शेवटी प्रमुख बाई म्हणाल्या, "तो पेला अजून आहे?" नीलांबरीने तो शेजारून उचलून दाखवला. त्यातूनच पाणी पीत होती ती.

बाहेर आली तर कोच सतरंजीवर पालथे पसरलेले आणि भार्गवी त्यांच्या पाठीला टेकून उशीचं टोक चघळत होती. त्यांचे डोळे लाल होते.

"त्रास दिला का फार?"

"छे. काही विशेष नाही झालं," कोच घाईने म्हणाले आणि कागदाची आपली प्रत खिशात कोंबली. "गवताची ॲलर्जी आहे मला."

तिसऱ्या दिवशी फोन आला. नोकरी मिळाली होती, परवान्याचे कागद त्याच आठवड्यात जाणार होते. अपूर्वने बेकरीतून उरलेले सगळे गोड पाव आणले. सुहासिनीबाईंनी आधी देवापुढे साखर ठेवली, मग फोनवर म्हणाल्या, "त्या चड्डीवाल्यांना माझा नमस्कार सांग. आणि म्हणावं, विमानं सुरू झाली की डिंकाचे लाडू घेऊन येतेय. खोकल्याला चांगले."

त्याच रविवारी सगळे मागच्या अंगणात असताना भार्गवी उशांच्या मधोमध डुगडुगली, दोन्ही हात जमिनीवरून उचलले आणि बसली. एकटी, कुणाला न टेकता. नीलांबरीने किंकाळी फोडली, अपूर्वच्या हातातला चहा सांडला.

"कोच! बघा, बघा! पहिल्यांदा!"

"पहिल्यांदा!" कुंपणापलीकडे कोचनी दोन्ही हात आभाळात उंचावले. पलीकडच्या आजीबाई खिडकीत आल्या, इतका मोठा आवाज. "नोंद करा! पहिल्यांदा!"

दुपारी ते वाफ्यात टोमॅटो लावत होते. नीलांबरी लाडवांच्या आगाऊ निरोपासह तिकडे गेली. आता कुंपणाला वळसा घालून जाता येत होतं. फाइल बाहेरच्या टेबलावर होती.

"तुझं पान लाव त्यात," कोच मातीच्या हातांनी खूण करत म्हणाले. "शेवटचं पाकीट, सत्ताविसावा मोसम. त्यात नुसतं एक न खेळलेलं पान आहे. बरं दिसत नाही ते. तुझ्या त्या पानाने एक सामना तरी जिंकला."

"तुम्ही जिंकलात म्हणा."

"तू जिंकलीस. नियम आहे."

कोचपाशी दिलेली ती प्रत टेबलावरच होती, त्यांच्या खिशात चुरगळून नंतर हाताने सरळ केलेली. पाकिटात सरकवताना तिने सवयीने उलटून बघितली. जिंकलेल्या पानाची मागची बाजू कोरी असते, हे तिला ठाऊक होतं.

कोरी नव्हती. पेन्सिलीने एकच ओळ होती, अक्षर जरा वाकडंतिकडं, मांडीवर कागद ठेवून लिहिल्यासारखं.

*मंगळवार, सकाळी १०.४०. एकटी उठून बसली. चार सेकंद. मी तिथे होतो.*

नीलांबरी किती तरी वेळ ती ओळ वाचत राहिली. तिकडे कोच टोमॅटोच्या रोपाला काठी बांधत होते, तिच्याकडे पाठ करून. तिने पान पाकिटात घातलं, फाइल मिटली, आणि अंगणात जाऊन भार्गवीला उचलून आणलं.

"हात धुवा, कोच," ती म्हणाली. "हिला तुमच्याकडे यायचंय."